ताटामागची नावं

आमच्या कॉलनीत मोकळी जागा एकच आहे आणि तिला सगळे 'ओपन प्लेस' म्हणतात. नकाशात तिथे बाग दाखवली आहे. प्रत्यक्षात एक मारुतीचं मंदिर, एक कडुलिंब, देणगीदारांची नावं रंगवलेली सिमेंटची बाकं आणि एक खड्डा आहे. दरवर्षी पर्यावरण दिनाला त्या खड्ड्यात नवं रोप लावतात, फोटो काढतात आणि घरी जातात. रोपं टिकत नाहीत, पण खड्डा छान जगला आहे.

खड्ड्याच्या पलीकडे जमिनीवर एक मोठं काळं वर्तुळ आहे. तिथे गवत उगवत नाही. कॉलनीत जे काही नकोसं होतं ते तिथे जाळतात: वाळलेली पानं, जुन्या गाद्या, लग्नातला मंडप सजवायची कागदी फुलं आणि भंडाऱ्यानंतरची ताटं. आमचं घर गल्लीतलं शेवटचं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर ते वर्तुळ दिसतं. घर घेताना पप्पांना सांगितलं होतं, बागेसमोरचं घर मिळतंय.

जाळायचं खातं समोरच्या काकांकडे होतं. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सारंगखेड्याच्या यात्रेला जादा गाड्या चालवल्याच्या गोष्टी सांगताना त्यांचे हात अजूनही हवेत स्टेअरिंग वळवतात. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण भंडारा संपला, बाया भांडी उचलायला लागल्या की काका शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढत. कचरा दुसऱ्या दिवशीच्या घंटागाडीपर्यंत ठेवावा तर रात्रीतून कुत्री आणि गाई तो गल्लीभर करतात. त्यामुळे काका काही वाईट करत होते असं कुणालाच वाटत नव्हतं, काकांना तर अजिबात नाही.

त्या वर्षी हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. ताटं चंदेरी मुलाम्याची, वर हिरवी केळीची पानं छापलेली. थर्माकोल बंद झाल्यापासून हीच येतात आणि सगळे त्यांना कागदाची म्हणतात. कागद असा जळत नाही. ती ताटं आधी आक्रसतात, मग घट्ट पिवळा धूर सोडतात, आणि त्या धुराला कुठे जायचं ते बरोबर कळतं. आमच्या खिडकीत.

पप्पा बाथरूममध्ये गेले आणि त्यांनी नळ सोडला.

हे आमच्या घरातलं गुपित होतं. पप्पांनी सगळं आयुष्य नंदुरबारच्या मिरची बाजारात मुनीम म्हणून काढलं. पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, बाहेरगावचे व्यापारी तोंडाला रुमाल बांधून यायचे. पप्पा मूठभर मिरची उचलून सरळ नाकाशी धरायचे. 'मला मिरचीनं कधी शिंकसुद्धा आली नाही' हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे. निवृत्त झाल्यावर त्यांना दमा निघाला. ज्या माणसाने सगळ्या बाजाराला नाकाच्या बळावर गप्प केलं त्याला आता निळा पंप ओढावा लागतो, हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पंप बाथरूममधल्या साबणाच्या कप्प्यात असे, आणि ओढताना आवाज जाऊ नये म्हणून नळ चालू. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. दमा लपवायला जितकं पाणी गेलं तितक्यात ओपन प्लेसमधली सगळी रोपं जगली असती.

त्या दिवशी नळ बराच वेळ चालू राहिला. मम्मीने दार वाजवलं तेव्हा पप्पांनी आतून उत्तर दिलं नाही, फक्त कडी काढली. त्यांचे ओठ जांभळे पडले होते. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी पप्पांसमोर मला सांगितलं, "हा धूर पुन्हा छातीत जाऊ देऊ नका. प्रत्येक वेळी वेळेवर पोचाल असं नाही." पप्पा छताकडे बघत होते, जणू दुसऱ्याच पेशंटविषयी चाललं होतं.

घरी आलो तेव्हा काका गेटवरच उभे होते. "काय झालं मुनीमजी?"

"ॲसिडिटी," पप्पा म्हणाले. "बट्टीला तूप जास्त झालं."

आता मला धूर बंद करायचा होता आणि कारण सांगायचं नव्हतं. कारण सांगायची परवानगी असती तरी मी सांगितलं असतं का, शंका आहे. मी कॉलनीत कुणाशी फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत गेले, मग पुण्यात शिकले, आता घरी बसून पुण्याच्याच एका कंपनीचं काम करते. मम्मी-पप्पा आपसांत अहिराणी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मला मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत समोरचा माणूस घरी पोचलेला असतो. पण लिहिता येतं. म्हणून मी पर्यावरणाची मदत घ्यायचं ठरवलं. पर्यावरणाला दमा झाला तर कुणाला लाज वाटत नाही.

कॉलनीच्या ग्रुपवर मी एक मेसेज लिहिला. त्याला अख्खी संध्याकाळ गेली. 'आपलं शहर आणि शाश्वत जीवनशैली' असं वर ठळक अक्षरांत टाकलं. मम्मीने चष्मा लावून वाचलं.

"शाश्वत म्हणजे?"

"सस्टेनेबल."

"म्हणजे?"

"वस्तू एकदा वापरून फेकायची नाही. परत परत वापरायची. कचरा कमी करायचा."

"म्हणजे आम्ही आधी राहायचो तसं," मम्मी म्हणाली. "फक्त आता ग्रुपवर टाकून."

माझी कल्पना साधी होती. आमच्याकडे लग्नात भांडी द्यायची पद्धत आहे. प्रत्येक घराच्या माळ्यावर स्टीलची ताटं पडून आहेत, ज्यांत कुणी कधी जेवलं नाही. प्रत्येकाने थोडी थोडी ताटं मंदिराच्या खोलीत द्यायची. कॉलनीची ताट बँक. भंडाऱ्याला तीच वापरायची आणि प्रत्येकाने आपलं ताट आपण धुवायचं. जाळायला काही उरणारच नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा पुसलं आणि तीनदा लिहिलं.

मला वाटलं होतं, दोन अंगठे येतील आणि विषय संपेल. पण उत्साहाची लाट आली. कॉलनीचे अध्यक्ष काका, ज्यांच्याकडे माइक असतो, त्यांनी 'अतिशय स्तुत्य उपक्रम' लिहून तीन गुलाबाची फुलं टाकली. लोकांच्या मनातल्या पर्यावरणप्रेमाने मी दोन दिवस भारावून गेले. मग मम्मीने समजावलं, की माळा रिकामा करायला लोकांना कारणच हवं होतं. देवाच्या कामाला दिलं म्हणजे टाकून दिलं असं होत नाही.

आमच्या घरची ताटं काढायला मी स्टुलावर चढले. मम्मी खाली उभी राहून एकेक ताट हातात घ्यायची, उलटं करायची, मागे बघायची आणि ठरवायची.

"हे नको. हे पण नको. हे ठेव वर."

"का? चांगलं तर आहे."

"ठेव म्हटलं ना. ती सुरतच्या मामेसासूची काढ. ती काही इथे जेवायला येणार नाही."

मी सुरतची ताटं काढली. मम्मीने असं का केलं ते मी विचारलं नाही.

गणपतीपर्यंत बँक भरली. मंदिराच्या खोलीत ताटांच्या उंच चळती उभ्या राहिल्या. भांड्यांच्या दुकानवाल्या मारवाडी भाभींनी आपली ताटं वेगळ्या पिशवीत आणली. "आमचे ताट सेपरेट राहणार हां," त्या मला म्हणाल्या. "पीछे लाल टिकली लावून दिली आहे. नॉनव्हेजवाल्यांना देऊ नको." मी म्हटलं, भाभी, भंडारा आहे, सगळंच व्हेज आहे. "आज व्हेज आहे," भाभी म्हणाल्या. "माणसं तर तीच आहेत ना." मी टिकलीवाली ताटं वेगळी ठेवली. पहिल्याच पंगतीत ती सगळ्यांत मिसळली.

महाप्रसादाचा दिवस फार सुंदर गेला, साधारण अर्धा. स्टीलच्या ताटात वरण वाहून जात नव्हतं. बट्टी कुस्करताना ताट फाटत नव्हतं. म्हातारी माणसं म्हणत होती, जेवल्यासारखं वाटतंय. पप्पा पहिल्या पंगतीत बसले आणि पुन्हा भाजी मागून घेतली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि काकांच्या शर्टाच्या खिशाकडेही. काडेपेटी खिशातच होती.

मग अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, की आज बंधूंनीसुद्धा आपलं ताट आपल्या हाताने धुवायचं आहे. हशा झाला. मंदिराच्या मागे नळाजवळ टपं मांडली होती. पुरुष एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन रांगेत उभे राहिले.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी कॉलनीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती आणि मला नव्हती. आमच्याकडे भेटीच्या ताटावर नाव मागच्या बाजूला घालतात. पुढे घातलं तर अक्षरांत वरण अडकतं. दुकानात एक माणूस किरकिरत्या मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी लिहून देतो: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, सप्रेम भेट. जेवणारा माणूस ताटाची पुढची बाजू बघतो. मागची बाजू फक्त धुणाऱ्याला दिसते. आणि कॉलनीतले पुरुष त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ताट धूत होते.

समोरच्या काकांनी ताट पुढून घासलं, मग उलटं केलं. थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी आजही विसरले नाही.

"अरे, हाई ते मन्हंच नाव शे," ते मोठ्याने म्हणाले. "कमिटीनी काम भारी करं भो. ज्यानं त्यानं नावनं ताट."

त्यांना खरंच वाटलं, की कमिटीने प्रत्येकासाठी नाव घालून ताट बनवलं आहे, आणि नेमकं त्यांचं त्यांना मिळालं. ते ताट उंच धरून आजूबाजूला दाखवत होते. शेजारच्या माणसाने लगेच आपलं ताट उलटं करून स्वतःचं नाव शोधलं.

काकू बायकांच्या पंगतीत होत्या. काकूंचं माहेर कळसाडी गावचं, आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. पण त्या शांतपणे उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि काकांजवळ आल्या.

"दखाड इकडे."

काकांनी कौतुकाने ताट दिलं. काकूंनी मागचं वाचलं. पूर्ण वाचलं, वधू-वरांच्या नावांसकट. मग त्या अध्यक्षांच्या मिसेसकडे वळल्या. या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणतात.

"मॅडम, हाई ताट आम्ही तुम्हना पोऱ्याना लगीनमा दिन्हं व्हतं."

मॅडम जिलेबी वाढत होत्या. चिमटा हवेत राहिला. "अहो, हो का? आम्ही इतकी जपून ठेवली होती ना ताटं. वापरलीसुद्धा नाहीत."

"हा, दिखी ऱ्हायनं," काकू म्हणाल्या. "स्टिकर बी निंघेल नही शे."

मॅडमच्या मुलाला आता शाळेत जाणारी मुलगी आहे.

"मग देवाच्या कामालाच दिली ना," मॅडम म्हणाल्या. "रद्दीवाल्याला नाही दिली."

"आम्ही देवले नही दिन्हं व्हतं. तुम्हले दिन्हं व्हतं."

नळापाशी एकेक ताट उलटं होऊ लागलं. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. सगळीकडून ओल्या स्टीलचा खणखणाट, आणि मधूनच कुणाचं तरी 'अच्छा, असं आहे का'. एका ताटावर जुनं नाव खरवडून त्यावर नवं घातलेलं निघालं. म्हणजे ते भेट मिळालं होतं, मग भेट दिलं गेलं होतं आणि आता देवाला आलं होतं. मला वाटतं शाश्वत जीवनशैली याहून जास्त कुणी जगलं नसेल, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. एका वहिनींनी आपल्या आत्याच्या घरचं ताट धाकट्या जावेच्या चळतीत ओळखलं. भाभी दुकानातल्या गिऱ्हाइकांमध्ये भांडण नको म्हणून सगळ्यांना एकाच वेळी 'जाने दो, जाने दो' म्हणत होत्या आणि स्वतःची लाल टिकली शोधत होत्या.

संध्याकाळी मंदिराच्या खोलीत फक्त सुरतच्या मामेसासूची ताटं उरली. मी ती पिशवीत घालून घरी आणली. मम्मी पोळ्या लाटत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?" तिने पोळी तव्यावर टाकली. "आणि मला वाटलं, पुरुष काय धुणार आहेत."

दोन दिवस ग्रुपवर कुणी शुभ सकाळसुद्धा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा मेसेज आला. काही गैरसमजांमुळे ताट बँक स्थगित करण्यात येत आहे, नवरात्रातल्या भंडाऱ्याला पूर्वीप्रमाणे कागदी ताटांची व्यवस्था केली जाईल. खाली एकही गुलाब नव्हता.

मी तो मेसेज पप्पांना दाखवला. त्यांनी वाचला आणि फोन परत दिला.

"त्या दिवशी आपण सारंगखेड्याला जाऊ," ते म्हणाले. "तुझ्या आत्याकडे. भंडारा झाला की परत येऊ."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी दुसरी आत्या."

"पप्पा, मी काकांना सांगू का? फक्त काकांना."

"नाही." मग स्वतःच कारण सांगितलं. "उद्या बाजारात गेलो तर कुणी मिरची दाखवणार नाही मला. म्हणतील, मुनीमजी, तुम्ही लांब बसा."

ते निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. तरीही सकाळी बाजारात चक्कर मारायचे. कुणीतरी मूठभर मिरची पुढे करायचं, पप्पा हुंगायचे, काहीतरी म्हणायचे आणि घरी यायचे. एवढंच उरलं होतं त्यांचं. मी पाहिलं आहे, घरी आल्यावर ते आधी बाथरूममध्ये जायचे.

वाचवलं काकूंनी, पण आम्हाला वाचवायचा त्यांचा काही हेतू नव्हता. त्या टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांचा आवाज ग्रुपवर आला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होती.

"मन्हं ताट मी घरथून लई येसू. कोन्ही मन्हा करता ताट लेवानं नही. मन्हा घर ताटं शेत, आणि ज्यासनी दिन्हात त्या मले याद शेत."

शेवटचं वाक्य ऐकून कॉलनीत काय झालं असेल त्याची कल्पना करा. आता जो कुणी कागदी ताटात जेवेल त्याच्या घरी एक तर ताटं नाहीत, किंवा आहेत ती दाखवण्यासारखी नाहीत, असा त्याचा अर्थ होणार होता. तासाभरात मॅडमनी शुद्ध मराठीत लिहिलं, की त्यांचं कुटुंबही स्वतःची ताटं आणेल. भाभींनी लिहिलं, 'हम भी'. रात्रीपर्यंत सगळी कॉलनी आपापलं ताट आणणार होती. पप्पा म्हणाले, त्यात काय, आमच्या गावात गावजेवणाला ताट-तांब्या घरूनच न्यायचे. मी ग्रुपवर निसर्गाविषयी लिहिलेल्या त्या लांब मेसेजाने जे झालं नाही ते एका रुसव्याने झालं. शहरं कशी सुधारतात यावर पुण्यात मी एक अख्खा पेपर लिहिला होता. त्यात रुसवा कुठेही नव्हता.

नवरात्रातल्या भंडाऱ्याला सगळ्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं ताट आणलं. मॅडमनी कप्प्याचं, भाभींनी झाकणासकट, काकूंनी तेच, मॅडमकडून परत नेलेलं, स्टिकर काढलेलं. पप्पा पथारीवर जेवायचे ते जुनं खोलगट ताट घेऊन आले. कडेला चेपलेलं आणि कितीही घासलं तरी किंचित लालसर. कुणी कुणाच्या ताटाला हात लावला नाही. जो तो जेवून ताट घरी धुवायला न्यायच्या तयारीत होता. पुरुषांची ताटं कुणी धुतली ते मी विचारायला गेले नाही.

काळ्या वर्तुळाकडे मी बघितलं. ते रिकामं होतं. मी मोकळा श्वास घेतला आणि तेवढ्यात मठ्ठ्याचे ग्लास आले.

मठ्ठ्याचा विचार कुणीच केला नव्हता. तांब्या कुणी आणला नव्हता, म्हणून अध्यक्षांनी ऐनवेळी कागदी ग्लास मागवले होते, आतून तोच चकचकीत मुलामा. उन्हामुळे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मठ्ठा घेतला. बघता बघता ग्लासांचा ढीग वर्तुळात जमला. वर कुणी कडुलिंबाचा पाला लोटला, वर रिकामी बुंदीची खोकी. वारा आमच्या घराकडे होता. पप्पा घराकडे गेले नव्हते. ते ढिगाशेजारी, वारा जात होता त्याच बाजूला उभे राहून अध्यक्षांना यंदाच्या मिरचीबद्दल सांगत होते, हातात चेपलेलं ताट.

काकांनी खिशातून काडेपेटी काढली. वाकले. काडी ओढली.

मी इतकी वर्षं मनात जुळवलेलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगाला आलं नाही. जे आलं ते ओरडल्यासारखंच आलं.

"काका, पेटवू नका. पप्पांना दमा आहे. मागच्या वेळी याच धुरानं ऑक्सिजन लावावा लागला."

सगळे वळले. माझ्याकडे नाही, पप्पांकडे. पप्पा मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच केलं, की ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

काडी काकांच्या बोटापर्यंत जळत आली. त्यांनी ती हातातल्या मठ्ठ्यात बुडवली.

"मंग पहिले काबरं नही सांगं बेटा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं होतं. "मी ते कचरा शे म्हनीसन जाळस. मले काय माहीत?"

"ॲसिडिटी होती ना ती?" अध्यक्षांनी पप्पांना विचारलं.

पप्पा घराकडे चालू लागले. काका मंदिरामागून एक पोतं घेऊन आले आणि ग्लास एकेक करून त्यात भरू लागले, तळाशी उरलेला मठ्ठा झटकून. मी मदतीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोतं खांद्यावर घेऊन काका गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीची वाट बघत उभे होते, एसटी चुकलेल्या प्रवाशासारखे.

पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाजारातही गेले नाहीत. बोलायला त्यांना वेळही नव्हता, कारण कॉलनी औषधं घेऊन येत होती. भाभींनी राजस्थानातून आलेलं चूर्ण आणलं. मॅडमनी प्राणायामाचा छापील कागद आणला आणि समोर बसून करून घेतला. अध्यक्षांनी आपल्या साडूला दमा कसा होता, मग कसा वाढला आणि मग साडू कसे वारले ते सविस्तर सांगितलं. एकाने पंप कसा चालतो ते बघायला मागितला. पप्पांनी तो बाथरूममधून आणला, दाखवला, आणि परत ठेवायला उठायचा कंटाळा आला म्हणून घरापुढच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवला. तो तिथेच राहिला. संध्याकाळी त्यांनी तिथेच बसून तो ओढला, गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, नळाशिवाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ओट्यावर चहा पीत होतो. समोरचं फाटक वाजलं. काकू रस्ता ओलांडून येत होत्या. त्यांच्या हातात स्टीलचं ताट होतं, तेच, मागे नाव असलेलं. त्यात निखारे होते आणि निखाऱ्यांवर ओवा. ताटातून दाट पांढरा धूर निघत होता आणि काकूंच्या खांद्यावरून मागे जात होता, कारण त्या फार भरभर चालत होत्या.

"मुनीमजी, हालानं नही," त्या लांबूनच म्हणाल्या. "नाकमा लेवानं. दोन मिन्टंमा छाती मोकळी व्हयी जास."

मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी पप्पांकडे. पप्पांनी कप खाली ठेवला, कठड्यावरचा पंप उचलून मुठीत धरला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"जा," ते म्हणाले. "सांग त्यांना. आता येतं ना तुला."